हृदयाचे रक्षण

चेन्नईजवळील सिरुसेरीच्या संगणक-उद्यानात नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहावयास आलेल्या मातेस पेसमेकर बसविला, तर तिला स्वयंपाकघरात जाण्यास बंदी करावी काय?

वस्तुस्थिती पाहा. मोबाईल व चालू मिक्सर छातीपासून १५ सेंटिमीटर, तर इंडक्शनची शेगडी सुमारे ६० सेंटिमीटर दूर असावी. सुस्थितीतील मायक्रोवेव्हचे भय नाही. वेल्डिंगसारख्या कामाविषयी मात्र आधी डॉक्टरांस विचारावे. लोहचुंबक निकट आल्यास यंत्र बहुधा ठरावीक गतीने ठोके देऊ लागते. तो दूर होताच पूर्ववत चालते. १९५८ साली स्वीडनमध्ये शरीरात पेसमेकर बसविलेले पहिले रुग्ण आर्ने लार्सन, अनेक यंत्रे बदलीत, २००१ पर्यंत जगले.

तेव्हा अंतर राखणे हे शहाणपण होय. कोंडून ठेवणे हे भय होय, मग त्यास आपण प्रेम म्हणोत. इब्री भाषेत हृदयवाचक शब्द विचार व निर्णय यांचेही स्थान दर्शवितो. ठोके राखताना मातेचा निर्णय हिरावला, तर हृदयाचे रक्षण अर्धेच झाले. हृदय स्वतः चालते तेव्हा पेसमेकर स्वस्थ राहतो, ते थबकते तेव्हाच साह्य करतो. मुलांनीही तसेच करावे.