मर्यादेची आठवण

माणूस वाईट असतो म्हणून चुकतो, की विसरतो म्हणून चुकतो? प्रश्न पोथीतला वाटेल. पण ज्या आरोग्याविषयी आपण बायका एकमेकींशीही धड बोलत नाही, त्या लैंगिक आरोग्याच्या बाबतीत या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं.

आपलं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. मन पक्कं असलं की झालं. संस्कार चांगले असले की मुलाचं पाऊल वाकडं पडत नाही. इच्छा असली की बाई तपासणीला जातेच. काळजी असली की नवरा आपणहून जपतो. आणि तसं झालं नाही, की आपण लगेच निकाल देऊन मोकळ्या होतो : मनच खोटं होतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. गंमत म्हणजे ते अपुरं आहे हे आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कुठवर जायचं याची हद्द स्वतःच ठरवून घ्यायची आणि ती पाळायची. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वरची हद्द ओलांडणं, खालची ओलांडणं, आडवी ओलांडणं, ठरवलेलं क्षेत्र वाढवून घेणं, हे चार कुणालाही सुचतील. पाचवा मात्र थबकायला लावतो. स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली हद्द विसरणं. सामायिकाच्या अतिचारांतही असाच एक आहे, स्मृत्यनुपस्थान. आपण सामायिकाला बसलो आहोत याचंच भान सुटणं. विसरणं हाच दोष धरला आहे. ‘लक्षातच राहिलं नाही हो’ ही आपली सगळ्यात लाडकी सबब, पण व्रताच्या हिशेबात ती सबब चालत नाही. आठवण ठेवणं हा व्रताचाच भाग आहे.

हिंसेची व्याख्या करतानाही शास्त्राने राग किंवा द्वेष पुढे आणला नाही, प्रमाद पुढे आणला. प्रमाद म्हणजे नुसता आळस नव्हे, बेसावधपणा. ज्याच्या मनात कुणाला दुखवायचं नाही, त्याच्याही हातून बेसावधपणे हिंसा होते. हे एकदा पटलं, की पुढचा प्रश्न सरळ आहे. सावध राहायचं कसं? नुसतं ‘सावध राहीन’ म्हणून माणूस सावध राहतो का?

राहत नाही, असं आता मानसशास्त्रही सांगतं. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली एका लेखात हा मुद्दा मांडला. ‘मी हे करीन’ एवढा संकल्प पुरत नाही. ‘अमुक वेळ आली, अमुक ठिकाणी असले, की मी अमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलं तर ते हातून घडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वेळ आणि जागा यांनाच आठवण करून द्यायच्या कामाला लावायचं. शीरन आणि ऑर्बेल या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर थेट आपल्या विषयाचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करण्याची वेळ आलेल्या ११४ बायका त्यात होत्या. त्यांतल्या काहीजणींकडून त्या केव्हा, कुठे आणि कशी वेळ ठरवतील हे लिहून घेतलं. अशा बायकांपैकी ९२ टक्के तपासणीला गेल्या. ज्यांच्याकडून असं लिहून घेतलं नव्हतं, त्यांच्यातल्या ६९ टक्के गेल्या. दोन्हीकडच्या बायका सारख्याच. फरक पडला तो दोन-चार ओळींच्या बेताने.

आपल्या घरांत हे नवीन नाही. रात्रीभोजनाचा त्याग ‘कमी खाईन’ अशा मोघम निश्चयावर चालत नाही. सूर्य कलला की चूल आवरायची, एवढं ठरलेलं असतं. पाणी भरताना घागरीच्या तोंडावर गाळणं बांधायला दररोज नवी दया मनात आणावी लागत नाही, घागर पुढे आली की हात गाळण्याकडे जातो. महाराजांकडे आपण नियम घेतो तोही मुदत घालून. चार महिने हिरवी भाजी नाही, अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त. वेळ ठरलेली, वस्तू ठरलेली, मर्यादा ठरलेली. आणि संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे आज कुठे सुटलं ते पाहून पुन्हा ठिकाणावर येणं. इच्छेवर सगळा भार टाकायचा नाही, ही समज आपल्या आजीपणजीला होती. मग एवढी शहाणी रीत आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच का थांबवतो?

कारण पुढे शरीराचा विषय येतो आणि आपण पदर सावरून गप्प बसतो. महिला मंडळात एखाद्या डॉक्टरीणबाईंनी कंडोमचा उल्लेख केला, की मागून कुणीतरी आक्का हमखास म्हणतात, “हे पोरांना सांगायचं म्हणजे जा, करा, असं सांगितल्यासारखंच की!” या आक्षेपाला हसून चालणार नाही, त्यात नीतीचा खरा प्रश्न आहे. पडण्याची तयारी ठेवणं म्हणजे पडायला परवानगी देणं आहे का?

ब्रह्मचर्य अणुव्रत काय सांगतं हे आपण सगळ्या जाणतो. आपल्या जोडीदारापुरतं राहावं, त्यात संतोष मानावा. यापेक्षा चांगलं संरक्षण दुसरं नाही, यात मला शंका नाही, आणि मुलांना पहिल्यांदा तेच सांगावं. प्रश्न त्याच्यापुढचा आहे. व्रत आपण कशासाठी घेतो? फक्त मी शुद्ध राहावं म्हणून घेतलं असेल, तर ते मोडलं की सगळंच संपलं, मग पुढे काय होईल ते होवो. पण व्रताच्या मुळाशी अहिंसा असेल, तर ब्रह्मचर्य मोडल्यावरही दुसऱ्या जिवाला जपण्याचं कर्तव्य उरतंच. एक व्रत मोडलं म्हणून दुसरं मोडायला मोकळीक मिळत नाही. ज्याचा पाय घसरला त्याने निदान रोग घरी आणू नये, हे सांगणं त्याला परवानगी देणं नव्हे. अहिंसेचं उरलेलं देणं त्याच्या पदरात घालणं आहे.

आपले मुनी मोरपिसांची पिंछी हातात बाळगतात. माझ्या मनात इतकी करुणा आहे की मला पिंछीची गरज नाही, असं कोणी मुनी म्हणत नाहीत. करुणेला हातात साधन लागतं, आणि ते आधीच हातात असावं लागतं. बसायच्या वेळी शोधायला गेलं तर तोवर मुंगी चिरडलेली असते. सरकारने १९६८ साली कंडोमला ‘निरोध’ हे नाव दिलं तेव्हा कुणाच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. पण कर्माचा ओघ थांबवणं, म्हणजे संवर, समजावून सांगताना आपल्याकडे हाच शब्द येतो. ज्या शब्दाने आपण बस्तीत मान डोलावतो, तोच औषधाच्या दुकानात ऐकून मान खाली घालतो.

हे कुणाच्या जिवावर बेततं ते पाहावं. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूर, निपाणी, बेळगाव असा आपल्या दारावरून जातो. या रस्त्यालगतच्या गावांत असं एखादं घर प्रत्येकीला माहीत असतं. नवरा कामासाठी महिनोन् महिने बाहेर. तो ड्रायव्हर असेल, व्यापारी असेल, कंपनीतला साहेबही असेल. बायको आयुष्यभर एकाच पुरुषाची. गरोदरपणात रक्त तपासलं आणि कळलं की तिला एचआयव्हीची लागण आहे. तिने कोणतं व्रत मोडलं होतं? उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेवर औषधं मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. म्हणजे तिथेही प्रश्न वेळेवर आठवण होण्याचाच. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम केलं. त्या बायकांनी कंडोम स्वतः वाटले, एकमेकींना समजावलं. ज्यांना आपण नीतीच्या गप्पांत धरतही नाही, त्या दुसऱ्याच्या बायकापोरांनाही जपत होत्या. प्रमाद कुणाचा म्हणायचा?

नुसतं भय घालून हे काम होत नाही, हेही आता स्पष्ट आहे. कंडोमच्या वापराविषयी झालेले १२१ अभ्यास १९९९ साली एकत्र तपासले गेले. रोगाची माहिती आणि रोगाची भीती यांचा प्रत्यक्ष वागण्याशी संबंध थोडाच दिसला. जोडीदाराशी आधी बोलणं आणि साधन आधीच जवळ असणं, याचा संबंध पुष्कळ अधिक दिसला. त्या क्षणी बुद्धी जागी नसते, ती जागी असताना ठरवलेलंच उपयोगी पडतं. आपल्या बायाबापड्यांना हे सांगायला कुणी संशोधक नको होता. पंगतीत ताट समोर आल्यावर उपास करायचं कोण ठरवतं?

तेव्हा शरीराच्या बाबतीतही नियम घ्यावा, आणि नियमासारखाच घ्यावा. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाची गर्भनिरोधक गोळी मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. अशी गोळी ‘लक्षात ठेवून’ घेता येत नाही. दवाखान्यात वार ठरवून घ्यायचे आणि त्या वाराच्या एखाद्या कामाला ती बांधायची. मात्र गोळीने गर्भ राहत नाही एवढंच, रोग अडत नाही. तिशीनंतर पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करावी, असं सरकारी धोरण आहे. ‘जाऊ कधीतरी’ म्हणू नये. ‘दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी, जावेबरोबर, सकाळच्या गाडीने’ असं कॅलेंडरवर लिहावं. नवरा बराच काळ बाहेर राहून येणार असेल, तर त्याला काय म्हणायचं ते वाक्यही आधीच ठरवावं, मनात दोनदा म्हणून पाहावं. ‘तुमच्यावर संशय नाही, पण दोघांची तपासणी होईपर्यंत आपण जपूया’ एवढं पुरतं. रात्री, दिवा मालवल्यावर सुचेल म्हणाल तर सुचत नाही. हे बोलणं दुपारी, चहाच्या वेळी करावं. लग्न ठरलेल्या मुलालाही हेच शिकवावं. जपण्याची जबाबदारी त्याचीही आहे, आणि तपासणीची वेळ लग्नाच्या याद्यांबरोबरच ठरवता येते.

आणि नियम सुटला तर? तर प्रतिक्रमण. पश्चात्तापात बुडून गप्प बसणं हा दुसरा प्रमाद आहे. एचआयव्हीची जोखीम घडली असं वाटलं तर बहात्तर तासांच्या आत दवाखाना गाठला, तर लागण टाळणारी औषधं सुरू करता येतात. जितकं लवकर तितकं बरं. १०९७ हा फोन क्रमांक मोफत आहे, तिथे नाव न सांगता विचारता येतं. सरकारी केंद्रांत चाचणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने संमती आणि गुप्तता यांचं बंधन घातलं आहे. लाज आपल्याला तीन दिवस घरात कोंडून ठेवते, आणि नेमके तेच तीन दिवस कामाचे असतात.

एवढं सगळं सांगूनही एक गोष्ट उरते, ती लपवली तर हा लेख खोटा होईल. जिच्या हातात काही ठरवण्याची सत्ताच नाही, तिने ठरवून काय करायचं? ती चहाच्या वेळी ते वाक्य बोलली आणि उत्तरादाखल थप्पड मिळाली, तर तिचा बेत कच्चा होता म्हणायचं का? नाही. आपली हद्द आखायला पायाखाली स्वतःची जमीन लागते. अशा बाईला आणखी एक नियम सांगणं ही क्रूरताच होईल. तिच्यासाठी नियम आपण घ्यायचा, शेजारणीने, नणंदेने, सासूने. तिच्याबरोबर दवाखान्यात जाण्याचा, तिची गोष्ट कुठे न बोलण्याचा, आणि आपल्या घरातल्या पुरुषांशी बोलण्याचा. एकीचा संकल्प दुसरीने लक्षात ठेवणं हीही आठवणच आहे.

येत्या दशलक्षण पर्वात उत्तम ब्रह्मचर्याच्या दिवशी आपण बस्तीत प्रवचन ऐकू. त्या दिवशी उपास, एकाशन जे झेपेल ते करावंच. सोबत एक नियम आणखी घेता येईल. पर्व संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत स्वतःची तपासणी करून यायची, आणि घरातल्या वयात आलेल्या एका मुलाशी किंवा मुलीशी या विषयावर एकदा न लाजता बोलायचं. कधी, कुठे आणि कुणाबरोबर, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं.