दूर कोणाला म्हणायचं?

न्यूअर्क ते मुंबई सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, विमानात चौदा-पंधरा तास. पुढे नागपूरचं विमान दीड तासाचं, आणि नागपूरहून यवतमाळ गाडीने तीन तास. यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे, पण तिथे प्रवासी विमानसेवा नाही. बाबा पहाटे गेले तेव्हा अमेरिकेत दादाकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, आणि तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवशीचं. फ्रीजर पेटी मागवायची की मोक्षधामात न्यायचं, यावर घरात बोलणं सुरू झालं. आत्याने निकाल दिला, "पोराची वाट पाहत माह्या भावाले पेटीत नका ठेवू." अग्नी मी दिला. दादा फोनवर पाहत होता.

भेटायला आलेल्या काहींनी 'पोरगा असून शेवटी कामी नाही आला' असं म्हटलं. ते मला सहन झालं नाही, आजही होत नाही. वेळेवर पोहोचला नाही म्हणून माणूस दूर ठरतो का?

हा प्रश्न जुना आहे. परगावी असलेल्याने सुतक केव्हापासून पाळायचं, हे ठरवण्यासाठी स्मृतिकारांना आधी 'देशांतर' किती अंतरावर सुरू होतं ते सांगावं लागलं. त्यात त्यांचं एकमत नाही. कोणी साठ योजनं म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. योजन बारा-तेरा किलोमीटरचं धरलं तर साठ योजनं म्हणजे इथून साधारण मुंबई. दुसरं मत असं की मध्ये मोठी नदी किंवा डोंगर आला, भाषा बदलली, की देशांतर. या हिशेबाने आमच्या जिल्ह्यातल्या पाटणबोरीहून पैनगंगेचा पूल ओलांडून तेलंगणात शिरलं की झालं देशांतर! तिसरं मत मला सर्वांत खोल वाटतं : दहा रात्रींत जिथे बातमी पोहोचत नाही, ते देशांतर. इथे अंतर नद्यांनी किंवा कोसांनी मोजलेलं नाही, माणसाला कळण्यावर मोजलं आहे. दादाला तर मिनिटाभरात कळलं होतं.

आई-वडिलांच्या बाबतीत मुलासाठी नियम आणखी स्पष्ट आहे. तो कितीही लांब असो, ऐकल्या दिवसापासून त्याचे दहा दिवस धरायचे. म्हणजे शास्त्राने मुलाला चितेजवळ हजर असण्याच्या अटीत बांधलेलं नाही. मृत्यू कळणं, आणि त्या कळण्याचं ओझं दहा दिवस वागवणं, हे त्याचं पहिलं कर्तव्य. विमानात बसलेल्या मुलाचं सुतक विमान उतरण्याची वाट पाहत नाही. अटलांटिकवरून येताना दादा सुतकातच होता, शेजारच्या प्रवाशाला ते माहीत नसलं तरी.

म्हणून पेटीत देह थांबवून ठेवण्याचा आग्रह मला धर्माचा वाटत नाही, तो आपल्या समाधानाचा आहे. ते समाधानही खोटं नाही. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही हे दादाचं दुःख मी कुठल्याही वचनाने पुसू शकत नाही. पण त्या दुःखाला कर्तव्यात कसूर म्हणणाऱ्यांना मी आता गप्प बसून ऐकत नाही. दहाव्याला पिंडापाशी आम्ही दोघं बसलो, आणि दिवस मोजताना त्याचा आणि माझा हिशेब वेगळा करावा लागला नाही.