‘बघू’ म्हणजे ‘नाही’ काय?



कोणाला नकार द्यायचा झाला की आपण मराठी माणसे सहसा ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतो, ‘नंतर सांगते’ म्हणतो. ऐकणाऱ्याने काय ते ओळखावे, अशी अपेक्षा असते. याला आपण सभ्यता म्हणतो. परंतु जो माणूस शब्दाचा सरळ अर्थच धरून चालतो, त्याच्याशी असे बोलणे ही सभ्यता राहते की असत्य होते?

अशी मुले आपल्या मंडळ्यांत आहेत. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हिचे वर्णन १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून केले. हा रोग नव्हे. मेंदूची जडणघडण मुळापासून निराळी असते व जन्मभर तशी राहते. आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. ही सर्व मुले सारखी नसतात. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी परीक्षेत पहिला येतो. पण सूचक बोलणे ओळखणे पुष्कळांना जड जाते. यावरून त्यांना भावनाच नसतात असा समज पसरला. तो खरा नाही. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली दाखवून दिले की, ही अडचण दुहेरी आहे: त्यांना आपण कळत नाही, तसे आपणांसही ते कळत नाहीत.

समजा, असा एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. तरुण संघातील एका मुलीवर त्याचे मन जडते. तो तिला सरळ विचारतो. ती संकोचून ‘बघू’ म्हणते. मग तो रोज सायंकाळी सात वाजता मोबाइलवर विचारू लागतो, ‘बघितलेस का?’ मुलगी घाबरते, तिचे वडील संतापतात, आणि मंडळीतील वडीलधारे त्याला निर्लज्ज ठरवितात. त्याच्या लेखी मात्र तो दिलेल्या शब्दाची आठवण करून देत असतो.

येथे त्या मुलीला दोष देणे अन्यायाचे होईल. तिला आपणच असे बोलावयास शिकविले आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होय आणि नाही यांविषयी जे शिकविले, ते आपण शपथेपुरतेच ठेवले. ‘नाही. मला तुझ्याशी तसे नाते नको. हे उत्तर बदलणार नाही,’ असे शांतपणे सांगण्याचे धैर्य मुलींना दिले पाहिजे. तिला ते अवघड वाटले, तर तिच्या वतीने एखाद्या शिक्षकाने ते सांगावे.

कोणी म्हणेल, स्पष्ट नकाराने मुलाचे मन मोडेल. त्यापेक्षा त्याला या वाटेला जाऊच देऊ नये. आईबापांची ही भीती आम्ही समजतो. परंतु प्रेमापासूनच त्याला दूर ठेवणे म्हणजे तू अर्धा माणूस आहेस असे त्याला सांगणे होय. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात दिव्यांगांचा विवाहाचा व कुटुंबाचा हक्क मान्य केलेला आहे, आणि भारताने २००७ साली त्याला संमती दिली आहे.

मात्र स्पष्टपणा दोन्ही बाजूंनी हवा. नकार मिळाल्यावर पुन्हा विचारावयाचे नाही, उत्तर न येणे हाही नकार समजावा, परवानगीवाचून कोणाला स्पर्श करू नये, हे त्याला सूचकपणे नव्हे तर लिहून शिकवावे. अठरा वर्षांखालील व्यक्तीने शरीरसंबंधाला दिलेली संमती २०१२ चा बालसंरक्षणाचा कायदा मानीत नाही, हेही सांगावे. त्याच्या अडचणीची किंमत त्या मुलीने भरावी, हे न्यायाचे नाही. स्वमग्न मुलींना तर हे शिक्षण अधिकच लागते. गोड शब्द खरे मानल्याने त्या फसविल्या जाऊ शकतात.

एवढे करूनही मन मोडेलच. तेव्हा तो रडेलच असे नाही. पोट दुखते म्हणेल, जेवण टाकील, एकच प्रश्न चाळीस वेळा विचारील. पुष्कळांना आपल्या दुःखाचे नाव सांगता येत नाही. याला हट्ट म्हणू नये. दर वेळी त्याच शब्दांत तेच उत्तर द्यावे. ‘तुला दुसरी मिळेल’ असे सांगू नये. तेही तो वचनच समजेल. ‘हे दुःख आहे. ते हळूहळू कमी होते. आम्ही तुझ्याजवळ आहोत,’ एवढे पुरे. त्याची सायंकाळची सातची वेळही आता रिकामी झालेली असते. त्या वेळी आगगाडीचे वेळापत्रक, पेटीवादन, जे त्याला प्रिय असेल ते त्याच्यासोबत करावे. झोप उडाली, किंवा तो मरणाची भाषा बोलू लागला, तर उशीर न करता डॉक्टरांकडे न्यावे. तरुण संघात त्याची जागा पूर्वीप्रमाणेच ठेवावी. नकार त्या नात्यापुरता आहे, मंडळीचा नव्हे, हे त्याला दिसले पाहिजे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, येत्या रविवारी वर्गात एखादे मूल काही मागेल, तेव्हा ‘बघू’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि आपणांस खरोखर काय म्हणावयाचे आहे ते म्हणावे.