गांवच्या यादींतील नांवें

वचन : २ करिंथकरांस ८:१६-२१

यरुशलेमेंतील गरिबांसाठीं दूरदूरच्या मंडळ्यांनीं वर्गणी जमविली, तेव्हां ती पोंचविण्याच्या कामीं पौलानें केवढी काळजी घेतली हें ह्या उताऱ्यांत दिसतें. तो पैसा त्यानें एकट्याच्या हातीं ठेविला नाहीं. तीताबरोबर त्यानें मंडळ्यांनींच नेमलेला एक बंधु पाठविला. पौलाविषयीं कोणास संशय होता म्हणून नव्हे. पैसा पुष्कळांचा असला म्हणजे त्याचा व्यवहार प्रभूपुढें चोख असून भागत नाहीं, तो माणसांसही चोख दिसला पाहिजे, असें त्या प्रेषितास वाटत होतें.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. २०१९ सालापासून भारत सरकार प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ह्या नांवानें जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाकाठीं ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, बँकेच्या खात्यांत जमा करीत आहे. आयकर भरणारे, शिपाईवर्ग सोडून इतर सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये वा अधिक पेन्शन घेणारे, धंदा चालविणारे डॉक्टर व वकील, ह्यांस तें घेण्याचा अधिकार नाहीं. लाभ घेणाऱ्यांची यादी गांववार प्रसिद्ध व्हावी, म्हणजे पात्र असून वगळलेल्यास दाद मागतां येईल, असा नियम आहे.

ह्या नियमाची गरज लवकरच कळून आली. जुलै २०२१ मध्यें कृषिमंत्र्यांनीं लोकसभेंत सांगितलें कीं, ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांच्या खात्यांत सुमारें ३,००० कोटि रुपये गेले होते. प्रियहो, हे सारे कांहीं दरोडेखोर नव्हते. त्यांत पुष्कळ भले गृहस्थ असतील, आणि ‘सरकारचेंच तर आहे’ एवढें म्हणून त्यांनीं मनाचें समाधान केलें असेल.

कोणी म्हणेल, कोणास काय मिळतें हें चावडीवर कशाला मांडावें? ह्या बोलण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. युरोपांतही शेतकऱ्यांस सरकारी पैसा मिळतो. तेथील वरिष्ठ न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें कीं, रकमेचा लहानमोठेपणा न पाहतां प्रत्येक शेतकऱ्याचें नांव छापणें वाजवीपेक्षां फाजील आहे. पुढें कायदा सुधारून नांवें पुन्हां छापूं लागले, मात्र अगदीं थोडें घेणाऱ्यांचीं वगळलीं. गरिबाची अब्रू राखावी हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्यास अधिकार नसतां मिळतें, तो अब्रूचें नांव पुढें करून लपूं पाहतो, तेव्हां तें निमित्त आम्हीं ऐकूं नये.

आपले शेजारी रविवारचा उपदेश ऐकावयास येत नाहींत, पण ही यादी ते वाचतात. तींत ख्रिस्ती पेन्शनराचें नांव दिसलें तर त्यांनीं आपल्या प्रभूविषयीं काय समजावें? जक्कयानें आपला अपराध प्रभूच्या कानांत कुजबुजून सांगितला नाहीं. तो उभा राहून सर्वांदेखत बोलला, आणि चौपट परत देण्यास तयार झाला (लूक १९). सरकार तर चौपट मागत नाहीं! घेतलें तितकें परत करण्याची, व पुढील हप्ते आपण होऊन सोडण्याचीही सोय त्यानें ठेविली आहे.

आतां जे यादींत नाहींत त्यांकडे पाहा. आपल्या मंडळ्यांत दुसऱ्याच्या शेतांत राबणारे पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर त्यांचें नांव नाहीं, म्हणून यादींतही नाहीं. ही उणीव नियमांतच आहे, आणि ग्रामसभेंत ती बोलून दाखविण्यास आम्हीं भिऊं नये. दुसरी गोष्ट विधवांची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नांवावर झालेल्यास हा पैसा मिळत नाहीं, पण धन्याच्या मृत्यूमुळें वारशानें जमीन आली असेल तर मिळतो. हें पुष्कळ बायांस ठाऊक नसतें, व फेरफार न झाल्यामुळें नांव मेलेल्याचेंच राहतें. यास्तव उपदेशकांनीं पुढील महिन्यांत यादी मिळवून मंडळींतील अशा प्रत्येक विधवेच्या घरीं जावें, आणि तिजबरोबर तलाठ्याकडेही जावें.