पाकळीचा ल

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका परिसंवादात माझ्यानंतर एक तरुण डिझायनर बोलायला उभा राहिला. क्लायंट चित्र विकत घेत नाही, गोष्ट विकत घेतो, म्हणून आधी गोष्ट लिहा, चित्र मागून येईल, असं त्याने सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. माझी वेळ संपलेली होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो. सोबत माझ्या अंगावरचं एक जुनं देणंही आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आमच्या धंद्यात प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ‘प्रेरणा’ नावाची एक स्लाइड असते. तिच्यावर पैठणीचा मोर असतो, वारली नाचाचा फेर असतो, नाहीतर सह्याद्रीची रांग असते. पुढच्या स्लाइडवर ती रांग हळूहळू वळणदार होत कंपनीच्या बोधचिन्हात उतरते. बघणारा सुखावतो. खरं तर चिन्ह पंधरा दिवस आधीच तयार झालेलं असतं आणि सह्याद्री मीटिंगच्या आदल्या रात्री शोधलेला असतो. हे डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कल्पना कधी सुचेल ते आपल्या हातात नसतं. मिल्टन ग्लेझरने न्यूयॉर्क राज्यासाठी केलेलं एक काम पासही झालं होतं. त्यानंतर १९७६ साली टॅक्सीत बसलेला असताना त्याने लाल खडूने एका पाकिटावर ‘आय’, एक बदाम आणि ‘एन वाय’ काढलं. मग क्लायंटला फोन करून पास झालेलं काम परत उघडायला लावलं. ते पाकीट आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. गोष्ट आधी लिहिली असती तर ग्लेझर पहिल्याच चित्राला बांधला गेला असता.

पण माझा खरा आधार पॉल रँड. आयबीएमची अक्षरं ज्याने घडवली तो. १९८६ साली स्टीव्ह जॉब्जने नेक्स्ट या नव्या कंपनीसाठी त्याला बोलावलं आणि चार ऑप्शन दाखवाल का, असं विचारलं. रँडने साफ नकार दिला. मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही पैसे द्याल. ऑप्शन हवे असतील तर दुसरीकडे जा, असा त्याचा पवित्रा होता. १ लाख डॉलरला एकच चिन्ह, आणि सोबत ते समजावणारी एक पुस्तिका. हा किस्सा मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. चांगलं काम स्वतः बोलतं, डिझायनरने गप्प राहावं, हे त्याचं तात्पर्य मी काढत असे.

या लेखासाठी रँडची ती पुस्तिका पुन्हा समोर घेतली आणि माझं तात्पर्य चुकलं होतं हे कळलं. रँड गप्प बसलेला नाहीच. पानामागून पान तो हाताला धरून चालवतो. हा शब्द या टाइपात बघा, आता त्या टाइपात बघा. सगळी मोठी अक्षरं घेतली तर ‘एक्झिट’ वाचल्याचा भास होतो. बघा, होतो की नाही? मग फक्त ‘ई’ लहान केला तर काय होतं? मग शब्द दोन ओळींत तोडून काळ्या ठोकळ्यावर बसवला तर? शेवटी ठोकळा २८ अंशांनी कलतो आणि तोवर वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो कल हवासा झालेला असतो. यातलं प्रत्येक पाऊल बघणारा स्वतः तपासू शकतो. पटलं नाही तर बोट ठेवून सांगू शकतो की इथे माझी गाडी अडली.

त्याच पुस्तिकेत रँड असंही सांगतो की हा ‘ई’ शिक्षणाचा, उत्कृष्टतेचा, आइनस्टाइनच्या समीकरणाचाही. इथे मी थांबलो. ही तर आपली सह्याद्रीची स्लाइडच झाली. हे तपासता येत नाही, मान्य करावं लागतं. माझ्या दैवताच्या पुस्तिकेत दोन्ही जातींची कारणं शेजारी शेजारी बसली होती आणि इतकी वर्षं मला ती वेगळी दिसली नव्हती. पुस्तिकेने काम तरतंच असंही नाही. १९६६ साली फोर्डसाठी त्याने अशीच पुस्तिका केली होती. हेन्री फोर्ड दुसरे यांनी ते चिन्ह नाकारलं आणि जुना लंबगोल राहिला.

म्हणून त्या तरुणाला माझं उत्तर असं आहे. बोलायला हवं, हे तुझं बरोबर आणि माझं चूक. क्लायंटला पांढऱ्या पडद्यावर एकटं, भलंमोठं चिन्ह दिसतं. दुकानातल्या रॅकवर, बावीस पाकिटांच्या गर्दीत ते कसं दिसेल हे त्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही. ते दाखवणं हे आपलं काम. पण जे बोलशील ते समोरच्याला डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे. कमल शेडगे यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून कितीतरी नाटकांची नावं रेखाटली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या तेवढ्याशा जागेत त्या नावानेच नाटकाची जात सांगायची असे. सकाळी चहा घेताना वाचक ती अक्षरं बघायचा तेव्हा समजावून सांगायला शेडगे शेजारी नसायचे. अक्षरातच नसलेलं कारण तिथे कामाला आलं नसतं.

आता देणं. काही वर्षांपूर्वी मी एका कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट केलं. ‘लसूण’मधला ल त्या पाकिटाचा जीव आहे. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही तो पाकळीयुक्तच आहे. मी डावी पाकळी भरघोस आणि उजवी बारीक, शेवटाला विरत जाणारी काढली. मीटिंगमध्ये सांगितलं की ही सह्याद्रीची दोन शिखरं, एक जवळचं, एक धुक्यातलं. मालक खूश झाले.

तो ल मी मिरजेत पाहिला होता. एका तेलघाण्यावर ‘घाण्याचे तेल मिळेल’ अशी पत्र्याची पाटी होती, निळ्यावर पिवळी. पेंटरने ब्रश एकदाच बुडवून दोन्ही पाकळ्या काढल्या असणार. पहिलीत रंग गच्च, दुसरीत संपत आलेला, टोकाला केसांच्या रेघा उमटलेल्या. ‘तेल’मध्येही तसंच आणि ‘मिळेल’मध्येही तसंच. एकदा झालं असतं तर चूक म्हटली असती. दोनदा झालं म्हणजे त्या माणसाचा हात तसा होता. मी रस्त्यात उभा राहून ती वळणं हवेत बोटाने गिरवली होती.

सह्याद्री सांगून मी त्या पेंटरचं श्रेय डोंगराला दिलं. पुढे मालकांनी माझी गोष्ट पाकिटाच्या मागे छापली. यंदा त्यांना खरं सांगितलं आणि मजकूर बदलू या म्हटलं. ते म्हणाले, “राहू द्या हो, गिऱ्हाइकांना आवडतं ते.”

दिवाळीच्या आधी मिरजेला जाऊन आलो. रस्ता रुंद झालाय, घाणा बंद आहे, पाटी भंगारात गेली. पेंटरचं नाव कोणाला आठवेना. घाणेवाल्यांच्या पुतण्याने उद्घाटनाचा एक फोटो शोधून काढला. झेंडूच्या तोरणाने अर्धी पाटी झाकली आहे. ‘मिळेल’ दिसत नाही. ‘तेल’ मात्र दिसतं, आणि त्यातली ती उजवी पाकळीही.