घोरण्याची साक्ष

आजार आपला, पण दिसतो तो शेजारी झोपणाऱ्याला. झोपेत श्वास थांबवणाऱ्या स्लीप अ‍ॅप्नियाचं हे विचित्रपण कोकणातल्या कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर जास्तच जाणवतं. इथला पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला चाकरमानी. गिरणगावातल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या घोळक्यात कुणाचा श्वास अडकतोय, हे कोण बघणार? पुढे गाळे गेले, भाड्याच्या खोल्या आल्या; बायको बरेचदा गावीच राहिली. निवृत्त होऊन तो परततो, तेव्हा कुठे तिला रात्रीमागून रात्री ते ऐकू येतं. घोरणं, मग एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा हिसका.

"रात्री तुमचो श्वासच थांबता," ती सकाळी सांगते. तो म्हणतो, मी तर गाढ झोपलो होतो. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नसतं.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला, की एक खंड मोजतात. तासाला ३० किंवा त्याहून जास्त खंड म्हणजे आजार तीव्र. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी याच आजाराने गेले, तेव्हा त्याचं नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं. घोरण्याची थट्टा मात्र थांबली नाही.

तपासणीसाठी कोल्हापूर नाहीतर गोव्यातली बांबोळी गाठायची. डॉक्टरांपुढे मिळतात जेमतेम दहा मिनिटं, आणि त्यात बोलतो तो, ज्याला काहीच माहीत नाही! साक्षीदार बाहेर बाकावर पिशवी सांभाळत. मला विचाराल तर आधी तिला आत बोलवावं.

गंभीर रुग्णाच्या श्वासनलिकेला भोक पाडणं हाच एके काळी खात्रीचा उपाय होता. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन पाहिली. त्यातून सीपॅप हे यंत्र आलं. आजचं यंत्र किती तास वापरलं, मास्कमधून हवा किती गळली, खंड किती उरले, हे सगळं टिपून ठेवतं. हा दुसरा साक्षीदार. त्याची जबानी विक्रेता वाचतो, कधी डॉक्टर. रुग्णाला ती क्वचितच दाखवतात. हक्काने मागावी. 'तुम्हाला सवयच होत नाही' असं ऐकवलं जातं, तेव्हा चूक कित्येकदा मास्कच्या मापाची असते.

हा साक्षीदार विजेवर चालतो, एवढीच अडचण. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं आणि किनारा अंधारात गेला. एरवीही पावसाळ्यात लाईट जाते, यंत्राची घरघर बंद पडते, आणि इन्व्हर्टर नसलेल्या घरात बायको पुन्हा उठून कान देत बसते.