घोडा, फासा आणि दैव

काशीच्या दशाश्वमेध घाटावर ब्रह्मदेवाने दहा अश्वमेध केले, अशी कथा आहे. त्या यज्ञात मोकाट सोडलेला घोडा जाईल तिथवर राजाचा दावा पोचे.

आज घोड्यामागे राजाचा दावा नसतो, पैज असते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीचे शौकीन घोड्याची चाल, कान, अंगावरचा घाम निरखतात. जॉकी, वजन, मागच्या शर्यती तपासतात. १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला.

मग दैवाचं काय? महाभारतात नळ राजाला अश्वविद्या येत होती, ऋतुपर्ण राजाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या. भाऊ पुष्कराशी फासे खेळून राज्य घालवलेल्या नळाने आपली विद्या देऊन ऋतुपर्णाची घेतली आणि पुष्कराला हरवलं. दैवाचेही नियम शिकता येतात, हा विचार फार धाडसी आहे!

कोणता घोडा जिंकेल याची कुणी दिलेली टिप मात्र विद्या नव्हे, उसनी श्रद्धा. ती बाळगणाऱ्याला निदान शर्यत सचोटीची मिळावी. शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्ट्युअर्ड्सनी केलेली चौकशी आणि घोड्यांची उत्तेजक द्रव्यांसाठीची चाचणी त्यासाठीच असते.